विचारतलंय कोणाक?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्या विषयावर आमच्या घरात कधी कोणी मोठ्यानं बोललं नाही. बोलायचं झालंच तर मागल्या पडवीत, तेही पुरुष माणसं बाजारात गेल्यावर. माझं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. ज्यांनी मागल्या पडवीत हे बोलणं केलं, त्यांतली एकही आज हयात नाही. म्हणून आज ते उघड्यावर बोलायला हरकत नाही असं मला वाटतं.

१९४८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सात वर्षांची होते. मालवणच्या बंदरात मुंबईची आगबोट लागली की ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. त्या दिवशी एका पडावातून माझी आत्या आली. तिच्या कडेवर एक मूल, हाताशी दोन, आणि पाठीमागे आतोबा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. बारा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन कराचीला गेली होती. तिथल्या गोदीत आतोबा फिटर होते. भाड्याची का होईना, दोन खोल्यांची जागा होती, शिवणाचं यंत्र होतं, तांब्यापितळेची भांडी होती. त्यातलं त्या पडावात काहीच नव्हतं.

कराची म्हटलं की आजच्या मुलांना परका देश आठवतो. आमच्या लहानपणी तसं नव्हतं. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईला जावं तसं कोकणातला माणूस कराचीला जायचा. गोदीत, रेल्वेत, छापखान्यात, शाळाखात्यात मराठी माणसं होती. कराचीतल्या एका जुन्या सरकारी हायस्कुलाला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. तेव्हा माझी आत्या परदेशी गेली नव्हती, पोटामागे गेली होती. परदेश तिच्या पायाखाली नंतर आला.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत मोठी दंगल झाली आणि तोवर 'बघू, थांबू' म्हणणारी हिंदू कुटुंबं बोटींवर चढली. बहुतेकांना मुंबईला उतरवलं गेलं. त्यातले सिंधी लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या दोन हजारांवर बराकींत सुमारे लाखभर माणसं राहू लागली. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली. तेच आजचं उल्हासनगर. १९५१ च्या जनगणनेत पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची देशभरातली संख्या ७० लाखांच्या वर भरली.

आत्या मात्र छावणीत गेली नाही. तिला माहेर होतं. ज्याला घर आहे तो निर्वासित कसा, असं सरकारलाही वाटलं आणि आम्हालाही वाटलं. छावणीतल्या माणसाचं नाव वहीत चढत होतं, त्याला शिधा मिळत होता, दवाखाना होता. भावाच्या पडवीत येऊन राहिलेल्या बाईचं नाव कुठल्याच वहीत चढलं नाही. ती भावजयीच्या चुलीवर दुसऱ्या पातेल्याचा भात शिजवू लागली, एवढंच.

आता जे सांगायचं आहे ते जरा नाजूक आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

आमच्या या किनाऱ्यावरच्या बायकांना दोन मुलांत अंतर राखायचं एक साधन आपोआप मिळालं होतं. त्याचं नाव मुंबई. घोव गिरणीत, गोदीत किंवा पोलिसात. तो गणपतीला आठ दिवस यायचा, शिमग्याला आठ दिवस यायचा, मे महिन्यात जमलं तर पंधरवडा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात जनगणनेमागून जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका जास्त भरत आल्या, त्याचं कारण हेच. घर बाईनं चालवायचं आणि नवरा मनिऑर्डरीतून यायचा. त्यात दुःख पुष्कळ होतं, पण गावातल्या बायकांचा देह दरवर्षी बाळंतपणाला जुंपला जात नव्हता.

आत्याच्या वाट्याला याच्या उलटं आलं. आतोबांची नोकरी गेली होती आणि मुंबईत लगेच दुसरी मिळत नव्हती. धडधाकट माणूस बारा महिने घरात, हाताला काम नाही, मनात कराचीतलं घर. १९४९ मध्ये आत्याला चौथं मूल झालं. १९५१ मध्ये तिला पुन्हा दिवस गेले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी तिला तापानं फणफणलेली मी पाहिली. मला पडवीत येऊ देत नव्हते. आई गरम पाण्याची घंगाळं नेत होती आणि रडत होती. 'आत्याला काय झालंय?' या माझ्या प्रश्नाला 'बाधलंय काहीतरी' असं उत्तर मिळालं. आत्या वाचली. पण त्यानंतर ती कधी सरळ कण्यानं चालली नाही आणि पुढे तिला मूलही झालं नाही.

खरं काय ते मला एकवीस वर्षांनी कळलं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होते. वर्तमानपत्रातली ती बातमी मी आईला वाचून दाखवत होते. आत्या तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "कायदो झालो तो बरो झालो गो बाय. माका एकवीस वर्षां उशीर झालो."

मग तिनं सांगितलं. पुन्हा दिवस गेल्याचं कळल्यावर ती तालुक्यातल्या एका दवाखान्यात एकटी चालत गेली होती. तिथल्या माणसानं तिला आत बसलेल्या डॉक्टरांपर्यंत पोचूच दिलं नाही. काय होतंय ते तिला त्याच्यासमोर, चार पेशंटांच्या देखत सांगता येईना. तिनं कसंबसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घोवाक घेवन ये." ती परत आली. त्यानंतर एका सुईणीनं दिलेलं औषध तिनं घेतलं. "माका तां पोर नको होतां," आत्या म्हणाली, "पण विचारतलंय कोणाक?"

त्या एका प्रश्नामुळे मी पुढची काही वर्षं जुने अंक, पुस्तकं, अहवाल चाळत राहिले. मला एवढंच शोधायचं होतं की १९५१ साली या देशात तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं का? उत्तर मिळालं ते फार अस्वस्थ करणारं होतं. उत्तर होतं. तीस वर्षांपासून होतं. आणि ते देणारा माणूस आमच्याच कोकणातला होता.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. घराणं दापोली तालुक्यातल्या मुरूडचं. गणिताच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या एक पाऊलही मागे नव्हती. १९२३ मध्ये कर्व्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. स्वतःला मूल न होऊ देण्याचा निर्णय त्या दोघांनी घेतला होता. अमोल पालेकरांचा २००१ सालचा 'ध्यासपर्व' चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल, तो या दोघांवरचाच.

कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. मूल हवं की नको हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे, कारण देह तिचा आहे. हे म्हटल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. तोही खटला कर्वे हरले. पण बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव मोठ्या फरकानं फेटाळला गेला.

म्हणजे श्रोतेहो, आत्या दवाखान्याच्या पायरीवरून परत आली त्याच्या तेरा वर्षं आधी आपल्या विधिमंडळासमोर हा प्रश्न आला होता आणि आपल्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी तो परत पाठवला होता.

पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३० नंतरच्या दशकात हेच काम हाती घेतलं आणि आयुष्यभर नेटानं केलं. १९४९ मध्ये मुंबईत धनवंती रामा राव, आवाबाई वाडिया आदी स्त्रियांनी भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन केला. नोव्हेंबर १९५२ मध्ये तर या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषदच मुंबईत भरली. अमेरिकेहून मार्गारेट सँगर आल्या. आज जगभर काम करणारा नियोजित पालकत्वाचा आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच परिषदेत जन्माला आला. ज्या सभागृहात जगातल्या बायकांच्या हक्कांची चर्चा चालली होती, तिथून उल्हासनगरच्या बराकी लोकलच्या दीड-दोन तासांच्या अंतरावर होत्या आणि मालवणचं बंदर एका आगबोटीच्या अंतरावर.

मग हे ज्ञान पोचलं का नाही? 'अज्ञान', 'अडाणी बायका' ही उत्तरं मला पटत नाहीत. आत्या मराठी चौथी शिकली होती. ती आपल्या पायानं चालत दवाखान्यात गेली होती. अडाणी ती नव्हती. अडसर दुसरे होते आणि ते एकावर एक रचलेले होते.

पहिला अडसर सरकारच्या मनातला. नवा भारत हा जगात कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम घेणारा पहिला देश, असं आपण अभिमानानं म्हणतो आणि ते खरं आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. गांधीजींनी १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला सँगरबाईंना स्पष्ट सांगितलं होतं की आपला मार्ग संयमाचा, साधनांचा नव्हे. त्यामुळे सुरुवातीला भर दिला गेला तो 'सुरक्षित दिवस' पाळण्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम् गावी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा मणी आला तर भीती नाही, तांबडा आला तर दूर राहायचं. कोणी मणी सरकवायला विसरायची, कोणाला ती माळ गळ्यात घातली की पुरे असं वाटायचं. आणि मुळात अंगावर दूध पाजणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या बाईची पाळी घड्याळासारखी येत नसते. तिच्या दिवसांचा हिशेब माळेत बसणार कसा?

शिवाय 'दूर राहायचं' हे कोणाला सांगायचं? बाईनं नवऱ्याला? ज्या बराकीत गोणपाटाचे पडदे बांधून कुटुंबं वेगळी केली होती, जिथे रात्रीचं कुजबुजणंसुद्धा शेजारी ऐकत होते, तिथे हा संवाद कसा व्हावा?

दुसरा अडसर साधनाचा. गोळ्या तेव्हा नव्हत्या. त्या अमेरिकेत १९६० मध्ये बाजारात आल्या. लूप आपल्याकडे १९६५ मध्ये आला. निरोध १९६८ मध्ये, पंधरा पैशांना तीन. १९५१ साली बाईच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे रबरी टोपी. ती डॉक्टरनं मापानं बसवून द्यावी लागे. प्रत्येक बाळंतपणानंतर माप पुन्हा घ्यावं लागे. वापरल्यावर ती धुवायची, कोरडी करायची, पावडर लावून डबीत ठेवायची. आता सांगा, जिच्याकडे कडी लावायला दार नाही, पाण्यासाठी सार्वजनिक नळावर किंवा दुसऱ्याच्या विहिरीवर उभं राहावं लागतं, जिच्या मालकीची एक ट्रंक आहे आणि तीही सासू, जाऊ, पोरं उघडतात, तिनं ती डबी ठेवायची कुठे? साधन ज्यांनी तयार केलं त्यांनी बाईला स्वतःची खोली आहे असं धरलं होतं. निर्वासित बाईची पहिली गेलेली गोष्ट तीच.

तिसरा अडसर मनाचा. तो मला सगळ्यांत उशिरा समजला. आत्याचं एक मूल कराचीत गेलं होतं. वाटेत, छावण्यांत किती लेकरं गेली याची मोजदाद नाही. ज्यांनी सगळं गमावलं त्यांना मूल म्हणजे पुन्हा उभं राहण्याची खूण वाटते. 'घर गेलं, जमीन गेली, निदान वंश राहू दे' असं घरातले वडीलधारे म्हणत. त्यात काही दुष्टपणा नव्हता. पण त्या वंशाचं ओझं वाहायचं होतं एकट्या बाईच्या देहानं. 'शरणार्थी' हा शब्द आवडेना म्हणून त्या काळी बऱ्याच निर्वासितांनी स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेतलं. शब्द स्वाभिमानाचा होता. मला मात्र तो ऐकला की वाटतं, यात आत्या कुठे आली?

चौथा अडसर एकटेपणाचा. स्त्रियांचं असं ज्ञान पुस्तकातून येत नाही, ते शेजारणीकडून येतं. कराचीतल्या चाळीत आत्याला सिंधी, गुजराती, मराठी मैत्रिणी होत्या. कोणती डॉक्टरीण चांगली, कोणाकडे जावं, हे तिथे तिला ठाऊक होतं. देश सुटला तशी ही सगळी वाटही सुटली. माहेरच्या गावात ती पाहुणी होती. पाहुण्या बाईनं असला विषय काढला तर बोलणी खायची पाळी. म्हणून 'विचारतलंय कोणाक?'

फाळणीच्या इतिहासात याहून भयंकर पानं आहेत, ती मी थोडक्यात सांगते. पंजाबात हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत आणण्याचं काम दोन्ही सरकारांनी केलं, त्यासाठी १९४९ मध्ये कायदाही झाला. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल अशा कार्यकर्त्यांनी त्यात जिवापाड कष्ट घेतले. पण परत आणलेल्या कित्येक बायकांना दिवस गेले होते. पोटातलं मूल घरचे स्वीकारणार नाहीत म्हणून त्यांचे गर्भपात करवले गेले. त्याला 'सफाया' असा शब्द होता. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत हे लिहिलं आहे. आता यातला विरोधाभास पाहा. गर्भपात तेव्हा दंडविधानाप्रमाणे गुन्हा होता. माझ्या आत्यानं चोरून तो केला आणि ती मरता मरता वाचली. तोच गर्भपात कुटुंबाच्या अब्रूसाठी करायचा तेव्हा सरकारी व्यवस्थेनं डोळे मिटून तो होऊ दिला. म्हणजे अडवण्यात आणि करवण्यात, दोन्हीकडे बाईचं 'हो' किंवा 'नाही' कोणी विचारलंच नाही.

हेच पुढे दुसऱ्या रूपात आलं. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत दिल्लीत झोपड्या पाडून लोकांना शहराबाहेर नेलं. नव्या वसाहतीत जागा पक्की करून घ्यायची तर नसबंदीचा दाखला दाखवा, असा प्रकार चालला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. आपल्या राज्यातही १९७६ मध्ये कुटुंबाच्या आकारावर सक्ती आणणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. ज्या विधिमंडळानं १९३८ मध्ये 'माहितीसुद्धा देऊ नका' म्हटलं, त्याच्या वारसानं ३८ वर्षांनी 'सक्ती करा' म्हटलं. मधली वाट, म्हणजे बाईला नीट सांगायचं आणि तिला ठरवू द्यायचं, ती दोघांनाही दिसली नाही. आणीबाणीनंतर कुटुंबनियोजनाचं नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करावं लागलं. पण दचकलेला माणूस नावानं फसत नाही. आमच्या शाळेत नर्सबाई लस द्यायला आल्या तरी काही पालक मुलांना घरी ठेवू लागले होते.

छावणीतल्या बाईला धान्य, ताडपत्री, कॉलऱ्याची लस यांच्याइतकीच या सेवेचीही गरज असते, हे जगाला कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कैरोला लोकसंख्येवरची मोठी परिषद झाली आणि निर्वासित स्त्रियांचा प्रजनन आरोग्याचा हक्क तिथे मान्य झाला. पुढे आणीबाणीच्या प्रसंगी पहिल्या दिवसापासून कोणत्या सेवा द्यायच्या याची यादी तयार झाली. फाळणीपासून कैरोपर्यंत ४७ वर्षं होतात. एका बाईचं मूल होण्याचं वय सुरू होऊन संपतं आणि तिच्या मुलीचंही संपत येतं, एवढा हा काळ.

आणि यादी झाली म्हणून अडसर गेले का? ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत आले. तिथे दवाखाने आहेत, साधनं फुकट आहेत. तरी सुरुवातीला पुष्कळ बायका बिचकत होत्या. नवऱ्याचा विरोध, धर्माची समजूत, दुष्परिणामांची भीती ही कारणं होतीच. पण आणखी एक होतं. ज्या राखाइन प्रांतातून त्या पळून आल्या, तिथल्या काही भागांत रोहिंग्यांना दोनपेक्षा जास्त मुलं होऊ देऊ नयेत असा हुकूम होता. ज्या सरकारनं घर जाळलं, त्याच सरकारनं पाळणाही मोजला होता. अशा बाईसमोर तुम्ही गोळ्यांचं पाकीट धरलंत, तर तिला त्यात औषध दिसेल की हुकूम? हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतले ते दचकलेले पालक आठवले.

एवढं सगळं सांगून मी परत आपल्या किनाऱ्यावर येते, कारण इतिहास सांगायचा तो आजच्यासाठी.

आता आपल्याकडे निर्वासित नाहीत असं आपण म्हणू. पण हापूसच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी आणि त्यांच्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. बागेच्या टोकाला पत्र्याची खोली, आंब्याचा हंगाम संपला की मुक्काम हलवायचा. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत. या बायका काही फाळणीतून आलेल्या नाहीत, हे मला कळतं. पोटामागे आलेल्या आहेत. पण आत्याही कराचीला पोटामागेच गेली होती. त्यांच्याकडेही ओळखीची शेजारीण नाही, आपली भाषा नाही आणि वहीत नाव नाही. सरकारी दवाखान्यात आज तांबी आहे, गोळ्या आहेत, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, सगळं मोफत. गावात आशाताई आहेत. पण आशाताईंची यादी गावच्या घरांवरून तयार होते. बागेतल्या खोलीला घर नंबर नसतो.

आमच्या वाडीजवळच्या बागेतली एक नेपाळी मुलगी गेल्या वर्षी पाणी न्यायला आमच्या विहिरीवर यायची. विशी-बाविशीची असेल. दोन मुलं पाठीशी आणि चेहरा उतरलेला. एक दिवस ती कळशी भरून झाल्यावरही जाईना. घुटमळत राहिली. मला हिंदी बेताचं येतं, तिलाही बेताचंच. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हातानं पोटाकडे खूण करून मान हलवली. मला सत्तर वर्षांपूर्वीची पडवी दिसली. मी तिला म्हटलं, बस. मग आशाताईंना फोन केला. त्या सायकलवरून अर्ध्या तासात आल्या. "नाव यादीत नाही, पण बघूया," असं म्हणत तिला बाजूला घेऊन बसल्या. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही. तो तिचा प्रश्न होता. परतताना ती मुलगी माझ्याकडे बघून हसली, एवढंच मला पुरे झालं.

आत्या १९८९ साली गेली. शेवटपर्यंत तिच्या उशाशी ती कराचीहून आणलेली ट्रंक होती. तिच्यात काही मौल्यवान नव्हतं. पण तिला कुलूप होतं आणि त्याची किल्ली आत्याच्या गळ्यात असायची. लहानपणी मी विचारलं होतं, "आत्या, आत काय आहे गं?" ती म्हणाली होती, "काय नाय. पण माझा आसा."

एवढंच हवं असतं, श्रोतेहो. स्वतःचं म्हणून एक कुलूप आणि विचारायला एक माणूस. आपल्या दारावरून कोणी घुटमळत असेल तर तिला नाव, गाव, यादी विचारण्याआधी बस म्हणा.